दुबार खूण : नाण्यावरील द्विरुक्त चिन्हांचे वाचन आणि वर्धा परिसराचा इतिहास

१

वर्धा जिल्हा नागपूर जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला तो १८६२ साली. जिल्ह्याचे ठाणे आरंभी पुलगावजवळील कवठा येथे होते; १८६६ मध्ये ते पालकवाडी या खेड्याच्या जागी आले आणि तेथे आजचे वर्धा शहर वसले. पुढील वर्षी, १८६७ मध्ये, मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोचला. याच दशकाच्या आरंभी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाला अपूर्व भाव आला. मालाच्या मोबदल्यात मुंबई बंदरात चांदीचा ओघ सुरू झाला. टांकसाळीत तिचे रुपये झाले आणि ते कापसाच्या मुलखाकडे वाहू लागले. हिंगणघाटचा कापूस त्या काळी विलायतेपर्यंत नावाजलेला होता.

या रुपयांवर व्हिक्टोरिया राणीची प्रतिमा आणि १८६२ हा आकडा असे. परंतु या आकड्यावर विसंबून चालत नाही. १८६२ सालचा आकडा धारण करणारे रुपये पुढे सुमारे बारा वर्षे पाडले जात होते. १८७४ पासून पुन्हा प्रत्यक्ष वर्ष घालण्यास आरंभ झाला. मुंबई टांकसाळीच्या रुपयांवर मात्र आकड्याच्या खाली किंवा वर बारीक ठिपके आढळतात. त्यांची संख्या नाण्यागणिक बदलते. नाणे कोणत्या वर्षी पाडले गेले हे त्या संख्येवरून कळते, असे नाणकशास्त्रात मानले जाते.

समजा, वर्धा शहरातील एखाद्या जुन्या घराच्या पायात असे रुपये भरलेले गाडगे सापडले. प्रत्येक रुपयावर १८६२ हाच आकडा आहे. तो प्रमाण मानला तर हा ठेवा शहर वसण्यापूर्वीचा, पालकवाडीच्या काळातला ठरू शकेल. ठिपके मोजले तर तोच ठेवा शहर वसल्यानंतरचा, आगगाडी आल्यानंतरचाही ठरेल. एका ठिपक्याने एक वर्ष पुढेमागे होते. मग प्रश्न असा की, भिंगाखाली दिसणारा प्रत्येक ठिपका टांकसाळीने हेतुपुरस्सर ठोकलेला असतो काय? दोन ठिपके एकमेकांत मिसळलेले दिसले तर ते दोन समजावयाचे, की एकच ठिपका दुबार ठोकला गेला असे मानावयाचे? हा प्रश्न नाणीसंग्राहकांच्या हौसेपुरता मर्यादित नाही. पुरावा कशाला म्हणावे, हा इतिहासाचा मूलभूत प्रश्न त्यात आहे.

२

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी नाणे कसे तयार होते ते पाहणे अवश्य आहे. आधुनिक टांकसाळीत प्रथम उठावाचा मूळ ठसा तयार करतात. त्याच्या दाबाने पोलादी साचे बनतात. साच्यावर सर्व आकृती खोलगट आणि उलटी असते. दोन साच्यांमध्ये कोरी चकती ठेवून आघात केला म्हणजे आकृती पुन्हा उठावाची व सुलटी होऊन नाण्यावर येते. एका मूळ ठशातून अनेक साचे निघतात आणि एका साच्यातून हजारो नाणी पडतात. हिंदुस्थानातील जुन्या टांकसाळींत यांपैकी पहिली पायरी नसे. तेथे कारागीर प्रत्येक साचा हातानेच कोरीत असे, आणि म्हणून तेथील प्रत्येक साच्याचे हस्ताक्षर निराळे असे.

अनेक टांकसाळींसाठी एकाच ठिकाणी साचे तयार होऊ लागले तेव्हा नाणे कोणत्या टांकसाळीतले हे ओळखण्यासाठी खूण घालण्याची पद्धत रूढ झाली. ही खूण बहुधा शेवटी घातली जाई. कारागीर एक बारीक पोलादी खिळा साच्यावर धरी आणि हातोडीने ठोकी. खिळा वाकडा बसला, उथळ बसला किंवा जागा चुकली तर तो पुन्हा ठोकावा लागे. पहिल्या घावाचा अंश साच्यात राहून जाई आणि त्या साच्यातून पडलेल्या प्रत्येक नाण्यावर खुणेमागे खुणेची सावली उमटे. हीच दुबार खूण होय.

यावरून एक सोपा परंतु फार उपयोगी नियम निघतो. साच्यावर ठोकलेला खिळा साच्यात खड्डा करतो, म्हणून नाण्यावर ती खूण उठावाची येते. नाण्यावर खूण खोलगट असेल तर ती साच्यावर ठोकलेली असू शकत नाही. एक तर ती उठावाच्या मूळ ठशावर घातली असली पाहिजे, आणि मग त्या ठशापासून निघालेल्या सर्व साच्यांवर ती सारखीच आढळेल. किंवा ती नाणे पाडल्यानंतर प्रत्यक्ष नाण्यावरच ठोकली असली पाहिजे, आणि मग ती प्रत्येक नाण्यावर वेगळ्या जागी व वेगळ्या कोनात असेल. व्हिक्टोरियाच्या रुपयांवर मुंबईचे आद्याक्षर काही नाण्यांवर उठावाचे, तर काहींवर खोलगट आढळते. पहिल्या प्रकारात द्विरुक्ती दिसली तर ती एका साच्यापुरती मानावी. दुसऱ्या प्रकारात ती दिसली तर ती मूळ ठशाची की नंतरच्या हाताची, हे इतर नाण्यांशी ताडून पाहिल्याखेरीज सांगता येणार नाही.

३

खऱ्या द्विरुक्तीइतकीच भासमान द्विरुक्तीही नाण्यांवर विपुल असते, आणि संग्राहकांची फसगत बहुधा तेथेच होते. आघाताच्या क्षणी साचा किंचित सैल असेल तर तो चकतीवरून उठताना घसरतो. त्यामुळे अक्षराच्या एका कडेला सपाट, बसकी पायरी निर्माण होते आणि मूळ अक्षर तितकेच अरुंद होते. खिळा खरोखर दोनदा ठोकलेला असेल तर दोन्ही घावांचे उठाव गोलसर असतात, अक्षराची टोके दुभंगलेली दिसतात आणि अक्षराची मूळ जाडी कमी होत नाही. दुसरी कसोटी शेजाऱ्यांची. टांकसाळीच्या खुणेबरोबर सालाचे आकडे आणि जवळची अक्षरेही त्याच दिशेला सरकलेली दिसली तर दोष आघाताचा आहे. शेजारची अक्षरे स्वच्छ असून केवळ खूणच दुहेरी असेल तर ती दुबार ठोकली गेली असे मानण्यास आधार मिळतो.

ठिपक्यांच्या बाबतीत सावधगिरी अधिक हवी. साच्याला गंज चढून बारीक खळगा पडला किंवा त्याचा कण निसटला तर नाण्यावर उठावाचा ठिपका उमटतो. तो टांकसाळीने घातलेला नसतो, तरी उघड्या डोळ्यांना तसाच दिसतो. हेतूने घातलेला ठिपका बहुधा वाटोळा, ठराविक आकाराचा आणि ठराविक जागी असतो. गंजाचा ठिपका वेडावाकडा असतो आणि त्याच्या आसपास त्याची भावंडेही असतात. वर कल्पिलेल्या गाडग्यातील रुपयांचे वर्ष ठरविताना हा विवेक केला नाही तर गंजालाच साल समजण्याची पाळी येईल.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांनाही हे लागू आहे. मुंबईची चौकटीसारखी खूण, हैदराबादचा तारा, १९८८ मध्ये सुरू झालेल्या नोएडा टांकसाळीचा ठिपका आणि कोलकात्याच्या नाण्यांवर खुणेचा अभाव, या सर्वसाधारण खुणा विद्यार्थ्यांना परिचित असतात. परंतु झिजलेली चौकट ठिपका भासते आणि गंजलेला साचा कोलकात्याचे नाणे नोएडाला नेऊन ठेवतो.

४

साच्यावरील दुबार खूण बहुतेक वेळा कारागिराच्या चुकीची साक्ष असते. अमेरिकेत १९०९ साली सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीसाठी तयार केलेल्या सेंटच्या एका साच्यावर एस हे अक्षर प्रथम आडवे ठोकले गेले व नंतर त्यावरच उभे ठोकण्यात आले. त्यात राजकारण नाही, धोरण नाही. घाईत असलेला एक हात आहे. त्या देशात १९९० च्या सुमारापर्यंत अशा खुणा साच्यांवर हातानेच घातल्या जात, म्हणून तेथे या प्रकारांचा अभ्यास विशेष वाढला.

क्वचित मात्र हीच खूण शासनाच्या निर्णयाची साक्ष होते. अमेरिकेतीलच कार्सन सिटीच्या टांकसाळीत नाणी पाडणे १८९३ मध्ये थांबले. तिच्यासाठी तयार असलेले साचे वाया न घालविता त्यांवरील सीसी या अक्षरांवर न्यू ऑर्लीन्सचे ओ हे अक्षर ठोकण्यात आले. १९०० सालच्या काही चांदीच्या डॉलरांवर त्या ओ-च्या आत आणि बाजूला जुन्या दोन अक्षरांचे अवशेष दिसतात. एक टांकसाळ बंद पडून तिची साधने दुसरीकडे गेली, ही घटना तसूभरही जागा न व्यापणाऱ्या खुणेत साठवलेली आहे. दोन्ही उदाहरणांत कृती एकच आहे: खुणेवर खूण ठोकण्याची. परंतु एकीत तेच अक्षर पुन्हा आले आहे, दुसरीत अक्षर बदलले आहे. अक्षर तेच असेल तर कारागिराकडे पाहावे. अक्षर बदलले असेल तर शासनाकडे पाहावे.

मुंबई टांकसाळीच्या इतिहासातही खुणेचे असेच राजकीय मोल आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, तेथे लंडनच्या राजटांकसाळीची शाखा उघडून पंचम जॉर्जचे सोन्याचे पौंड पाडण्यात आले. त्यांवर सालाच्या जवळ, घोडेस्वाराच्या पायाखालील भूमीवर, इंडियाचे आद्याक्षर आय आहे. आकृती, वजन व कस लंडनच्या पौंडाप्रमाणेच. वेगळेपण एवढ्या एका अक्षराचे. असे अक्षर नाण्याचे मूल्य ठरवू लागते तेव्हा ते मागाहून घालण्याचा मोह धरणारे लोकही निघतात, हे संग्राहकाने विसरू नये.

५

येथवर विचार झाला तो साच्यावरील दुसऱ्या घावाचा. दुसरा घाव प्रत्यक्ष नाण्यावर पडतो तेव्हा अर्थ पालटतो. आणि याचे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नाशिकजवळील जोगलटेंभी येथे १९०६ साली क्षहरात राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका बाजूस तीन कमानींचा पर्वत व राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. रेव्हरंड स्कॉट यांनी हा साठा अभ्यासून प्रसिद्ध केला.

जिंकलेल्या राजाची चांदी वितळवून नवी नाणी पाडता आली असती. तसे न करता जुन्याच नाण्यांवर नवे साचे मारले गेले. त्यामुळे श्रम वाचले हे खरे. पण परिणाम त्याहून मोठा झाला. नहपानाचा चेहरा पुरता पुसला गेला नाही. सातकर्णीच्या पर्वताखालून त्याचे नाक, डोळा, लेखाचे एखादे अक्षर डोकावत राहिले. नाणे हाती घेणाऱ्याला कोणाच्या राज्यावर कोणाचे राज्य आले हे वाचता येत नसले तरी दिसत होते.

हा ठसा प्रत्येक नाण्यावर वेगळ्या कोनात बसलेला आहे. म्हणून एका नाण्यावर खालच्या लेखाचा एक भाग शिल्लक राहतो, दुसऱ्यावर दुसरा. नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या आहेत. वंशनामाचे आद्य अक्षर ब्राह्मीत ‘क्ष’ आहे, खरोष्ठीत ‘छ’ आहे. संस्कृत क्ष-काराची प्राकृतात जी दोन वळणे पडतात त्यांचाच हा मासला. उरलेल्या एकदोन अक्षरांवरून ती कोणत्या लेखातली आहेत हे ठरते आणि नहपानाचा लेख नाण्यावर कोणत्या बाजूने फिरत होता हे कळते. कोणता ठसा आधीचा आणि कोणता नंतरचा, याची कसोटीही सरळ आहे: जी रेषा अखंड जाते ती नंतरची, जी तुटते ती आधीची. उत्खननात थर वाचण्याचाही हाच न्याय आहे.

सातकर्णीच्या मातेचा, गौमती नव्हे तर गौतमी बलश्रीचा, नाशिकच्या लेण्यातील लेख क्षहरात वंशाच्या उच्छेदाचे श्रेय आपल्या पुत्रास देतो. त्या विजयाला दुजोरा मिळतो तो या नाण्यांवरच्या दुसऱ्या घावाने. त्याच लेखात गौतमीपुत्राच्या सत्तेखालील प्रदेशांची नामावळी आहे आणि तीत विदर्भाचेही नाव आहे. अर्थात नाशिकच्या नाण्यांवरून वर्धेच्या काठाकडे येताना वाट सोडावी लागत नाही.

६

विदर्भात मात्र पुराव्याचे स्वरूप बदलते. येथे सातवाहनांची जी नाणी मोठ्या संख्येने मिळतात ती चांदीची नसून पोटीन या हलक्या मिश्रधातूची आहेत. चकती लहान आणि साचा मोठा, त्यामुळे लेखाची काही अक्षरे नाण्याबाहेरच राहतात. मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा येथे १९३९ साली सापडलेल्या साठ्यात अशी सोळाशेच्या आसपास नाणी होती. तऱ्हाळा त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते. आता ते वाशीम जिल्ह्यात आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी हा साठा वाचला. कुंभ सातकर्णी, शक सातकर्णी यांसारखी पुराणांच्या वंशावळीत न आढळणारी नावे त्यातून पुढे आली.

याच साठ्याने एक जुने नाव मागेही घेतले. रॅप्सन यांनी १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश म्युझियमच्या सूचीत चांदा जिल्ह्यातील साठ्याच्या आधारे कृष्ण सातकर्णी असा एक राजा मानला होता. तऱ्हाळ्याच्या नाण्यांवरून मिराशींनी ते नाव कर्ण सातकर्णी असे वाचले. प्राकृतात कृष्णाचे कण्ह होते आणि कर्णाचे कण्ण. या काळच्या ब्राह्मी लेखनात द्वित्त सहसा दाखवीत नाहीत. म्हणजे एका राजाचे अस्तित्व ह-काराच्या बारीकशा रेषेवर तोललेले होते.

भाषाभ्यासकाला येथे धोका स्पष्ट दिसेल. मूळ ब्राह्मीत ‘र’ ही एक उभी रेघ आहे. तिला आडवा ओरखडा गेला की ‘क’ होतो. ‘न’ला पायाशी आडवी रेघ आहे, माथ्याशीही एक रेघ उमटली की ‘ण’ दिसतो. साचा घसरला, घाव दुबार बसला किंवा गंजाने खळगा पडला की अक्षर पालटते, आणि अक्षर पालटले की नाव पालटते. रुपयावरील खोट्या ठिपक्याने एका वर्षाची चूक होते. पोटीन नाण्यावरील खोट्या रेषेने वंशावळीत एक राजा वाढतो.

उपाय मात्र जुनाच आहे, आणि तो पाठचिकित्सेचा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीमागे एक तत्त्व आहे: अनेक पोथ्यांत एकच विशिष्ट चूक आढळली तर त्या पोथ्यांचे मूळ समान असले पाहिजे. नाण्यांच्या जगात साचा म्हणजे मूळ पोथी आणि नाणी म्हणजे तिच्या प्रती. एकच विचित्र रेषा अनेक नाण्यांवर त्याच जागी आढळली तर ती साच्यात होती. ती एकाच नाण्यावर असेल तर तो त्या नाण्याचा अपघात आहे. परंतु साच्यात असलेली रेषाही कारागिराची चूक असू शकते. म्हणून नवे नाव सिद्ध मानण्यापूर्वी ते किमान दोन भिन्न साच्यांवर आढळावे. ही अट कडक वाटेल. पण तिच्यामुळे मिळालेले राजे टिकतील.

आहत नाण्यांच्या अभ्यासात दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी हीच संख्येची शिस्त आणली. या नाण्यांवर एका बाजूस पाच चिन्हे स्वतंत्रपणे ठोकलेली असतात आणि मागे बारीक चिन्हांची भर पडत जाते. मागील चिन्हांची संख्या जसजशी वाढते तसतसे सरासरी वजन घटते, हे त्यांनी मोजून दाखविले. प्रत्येक जादा घाव हा नाणे चलनात आणखी काही काळ फिरल्याचा दाखला ठरला. एकेका नाण्याकडे पाहून हे कधीच कळले नसते.

७

वर्धा परिसरात या पद्धतीला मोठे क्षेत्र आहे. धाम नदीच्या काठावरील पवनार हे वाकाटकांचे प्रवरपूर होय, असे मिराशींचे मत. तेथे १९६७ साली नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी उत्खनन केले. वर्धा नदीच्या पलीकडील काठावर, अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर येथे मोरेश्वर दीक्षित यांनी १९६२ ते १९६४ या काळात उत्खनन केले होते. अशा उत्खननांत मिळालेल्या नाण्याला थर असतो, शेजार असतो. पांढरीच्या मातीतून पावसाने वर आलेले आणि हातोहात बाजारात गेलेले नाणे या दोहोंना मुकते. त्याच्यापाशी उरते ते केवळ त्याचे अंग, आणि त्या अंगावरच्या खुणा.

म्हणूनच या खुणांची नोंद काटेकोर हवी. नाणे घासून, आम्लात बुडवून चकचकीत केले की अक्षरांच्या कडा जातात, आणि द्विरुक्ती खरी की भासमान हे ठरविण्याचे साधन त्या कडाच असतात. वजन, दोन्ही बाजूंच्या साच्यांचा परस्पर कोन, खूण उठावाची की खोलगट, दुसरा घाव कोणत्या दिशेला सरकलेला आहे, आणि शेजारची अक्षरे सरकली आहेत किंवा नाहीत, एवढ्या पाच गोष्टी टिपून ठेवल्या तर दोन गावांत विखुरलेली नाणी एकाच साच्याची आहेत हे पुढे कोणासही ताडता येईल. दहा रुपयांहून अधिक मूल्याचा भूमिगत ठेवा सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्याने घातले आहे. ते पाळले गेले तरच नाण्याबरोबर गावाचे नाव टिकते. आणि गावाचे नाव नसेल तर साच्यांची जुळणी होऊनही चलन कोठून कोठे गेले हे सांगता येत नाही.

दुबार खुणेचे मोल तिच्या दुर्मिळतेत शोधण्याची रीत बाजाराची आहे. अभ्यासकाने प्रथम विचारावे ते एवढेच: दुसरा घाव कशावर पडला? साच्यावर पडला असेल तर कारागीर किंवा शासन बोलते आहे. नाण्यावर पडला असेल तर बहुधा सत्ता बोलते आहे. घाव पडलाच नसेल, केवळ साचा घसरला असेल, तर तेथे ऐकण्यासारखे काही नाही. आणि तसे म्हणून पुढील नाणे हाती घेणे हाही संशोधनाचाच भाग आहे.